माप कुठनं घेतलासा?

शिवलिंगाप्पा गाडीला हात लावण्यापूर्वी पायांतल्या वहाणा काढून ठेवीत. मग डोळे मिटून डावा तळहात पत्र्यावरून फिरवीत. उजव्या हाताला चाळीस वर्षे हातोडी धरून घट्टे पडले होते. त्या हाताला आता काही कळत नाही, असे ते म्हणत. डावा मात्र त्यांनी जपला होता. गरम चहाचा पेलाही ते त्या हातात धरत नसत. तो तळहात बोनेटवरून, दारावरून, मडगार्डवरून संथपणे जाई आणि मध्येच कुठेतरी थांबे. आप्पा डोळे उघडत. “हितं लपवलंय कुणीतरी,” ते म्हणत. गाडीच्या मालकाला त्या जागी चकचकीत रंगाखेरीज काही दिसत नसे. खरवडल्यावर आतून पोचा बुजवलेली पुट्टी निघे.

उद्यमनगरात, फौंड्रींच्या मागच्या गल्लीत, त्यांचा गाळा होता. ठोकाठोकीचे, वेल्डिंगचे आणि रंगाचे काम. माणूस गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातला. घरी कानडी आणि गाळ्यात मराठी. हातोडी चालू असली की ओठांत कानडी आकडे चालत. ओंदु, एरडु, मूरु. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यातले लिंग सदऱ्याच्या आत. पत्रा ठोकून ठोकून त्यांचे कान गेले होते, त्यामुळे ते फार मोठ्याने बोलत. कोल्हापुरात ही गोष्ट कुणाच्या लक्षात येत नसे.

मी एका फौंड्रीच्या तपासणी विभागात एकतीस वर्षे नोकरी केली. भट्टीतून निघालेला नग माझ्या टेबलावर येई. मापात असेल तर पुढे जाई, नसेल तर मागे जाई. मध्ये काही नसे. घरीही मी बहुधा तसाच होतो, असे माझ्या मुलाचे मत आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. कंपनीच्या जीपचे दार चालकाने खांबाला घासले. दुरुस्ती आप्पांकडे गेली आणि काम पाहून घेण्यासाठी मला पाठवण्यात आले. दार आणि चौकट यांमधली फट मी वर मोजली, खाली मोजली. दीड मिलिमीटरचा फरक होता. मी काम नापास केले.

आप्पांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. “साहेब, माप कुठनं घेतलासा?”

“चौकटीपासून.”

“चौकट सरळ हाय, ह्ये कुणी सांगितलं तुमास्नी?”

त्यांनी दोऱ्याला एक नट बांधून ओळंबा सोडला. चौकट कललेली होती. कारखान्यातून तशीच आलेली असावी. दार मात्र ओळंब्यात होते. मोजण्यापूर्वी पाया तपासावा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. नव्या मुलांना तो मीच शिकवीत असे. मी सही केली. त्यांनी फक्त चहा मागवला. त्या दिवसापासून मी ‘मापवालं साहेब’ झालो.

निवृत्त झाल्यावर मी दुपारी त्यांच्या गाळ्यात जाऊन बसू लागलो. बसायला लोखंडी स्टूल होते. आमच्यात फार बोलणे होत नसे. ते ठोकत आणि मी पाहत असे. मधूनच ते मला छेडत.

“साहेब, जेवताना भाकरीबी मोजून घेता काय वो?”

“तुमच्या डब्यातल्या, वहिनी थापतात त्या मोजाव्या लागत नाहीत. सारख्या असतात.”

“व्हय? मग तिलाच न्या फौंड्रीत.”

त्यांच्या कामाच्या दोन रीती सांगितल्या पाहिजेत, कारण पुढचे सारे त्यांवरच घडले. पहिली विभूतीची. एखादा भाग दुसऱ्या भागावर नीट टेकतो की नाही, हे पाहायला आम्ही फौंड्रीत निळा रंग लावत असू. आप्पा विभूती लावत. भागाच्या बुडाला ती चोळायची, भाग जागेवर दाबायचा आणि उचलायचा. जिथे पांढरा ठसा उमटला तिथे टेकला, जिथे उमटला नाही तिथे पोकळी. “देवाची हाय, खोटं सांगत न्हाय,” एवढेच त्यांचे स्पष्टीकरण.

दुसरी रीत पंचाची, म्हणजे पत्र्यावर खूण ठोकायच्या टोकदार लोखंडी सळीची. चांगल्या पत्र्याला भोक पाडायचे असेल तर पहिली खूण गाडीच्या मालकाने करायची. आप्पा जागा दाखवीत, पंच मालकाच्या हातात देत आणि हातोडीचा एक ठोका त्याच्याकडून मारून घेत. मग ड्रिल. “पोचा अपघातानं पडतोय. गंज पावसानं येतोय. भोक मात्र आपुन जाणून पाडतोय. पत्रा तुमचा, तर खूण तुमच्या हातानं. आनि एकदा खूण झाली की मग वाद न्हाय.” एका वकिलांनी ‘हा काय पोरखेळ’ म्हणून नकार दिला. त्यांची गाडी एका एरियलसाठी आठ दिवस गाळ्यात उभी राहिली. नवव्या दिवशी वकीलसाहेबांनी येऊन ठोका मारला.

माझा मुलगा अजित. त्याचे स्वतःचे लेथवरच्या टर्निंगचे छोटे वर्कशॉप होते आणि ते बरे चालले होते. दोन हजार चार-पाचच्या सुमारास त्याने पुण्याहून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. दोन दारांची, परदेशी बनावटीची, लाल. तिचे आधी किती मालक झाले, ते त्यालाही सांगता येत नव्हते. मी विरोध केला होता. तो मला न जुमानता घेऊन आला. त्यानंतर आमच्यात जेवायच्या वेळी ‘मीठ दे’ एवढेच बोलणे उरले.

गाडीच्या डिकीवर एक स्पॉयलर होता. मागे आडवा पंख असतो तसा. गल्लीतल्या लोकांनी त्याला शेपूट म्हणायला सुरुवात केली. तो मूळचा नव्हता; आधीच्या कुणा मालकाने बाजारातून आणून बसवला होता. त्याचा एक पाय हलत होता आणि बुडाशी चीर गेली होती. अजितला तो बदलायचा होता. घाई होती. कागलच्या बाजूला माळावर हौशी मंडळींनी एका खासगी सरळ रस्त्यावर वेगाची चाचणी ठेवली होती. एकेका गाडीने एकट्याने धावायचे, वेळ नोंदवायची. रविवार ठरलेला होता, आणि अजितने नाव दिले होते.

आप्पांनी वहाणा काढल्या आणि डिकीवर हात फिरवला. “अजितराव, ही शेपूट दिसायला हाय का कामाला?”

“कामाला, आप्पा. गाडी एकशेसाठच्या पुढं गेली की मागनं हलकी हुतीया. वारा ह्याच्यावर दाबतो, मग चाकं रस्ता सोडत न्हाईत.”

“म्हंजे वाऱ्याचं सगळं वजन ह्या चार बोल्टांवर.”

“व्हय.”

“आनि त्यो सुटला तर?”

अजित हसला. “मग मी बी सुटलो.”

आप्पा हसले नाहीत. त्यांनी जुना स्पॉयलर काढला. खाली गंजलेले साधे स्क्रू होते आणि भोकांत कोंबलेली पुट्टी. “ह्याला बसवणं म्हणत न्हाईत, चिकटवणं म्हणत्यात,” ते म्हणाले. त्यांनी जुनी भोके वेल्ड करून बुजवली, घासून सपाट केली. डिकीच्या झाकणाला आतल्या बाजूने लावण्यासाठी जाड पत्र्याच्या दोन पट्ट्या कापल्या, म्हणजे बोल्टचा ताण एका जागी न येता पसरावा. नवा स्पॉयलर पुण्याहून एसटीच्या पार्सलने आला. फायबरचा, दोन पायांचा, प्रत्येक पायाला दोन बोल्ट. जुन्यापेक्षा रुंद. म्हणजे भोके नव्या जागी पडणार होती.

त्याच आठवड्यात वेल्डिंगची ठिणगी आप्पांच्या डाव्या तळहातावर पडली. जखम मोठी नव्हती. पण हाताला पट्टी होती.

शनिवारी दुपारी मी गेलो तेव्हा गाडी तयार उभी होती आणि आप्पा अजितची वाट पाहत होते. त्याला खूण करायला पाच वाजता बोलावले होते. स्पॉयलर डिकीवर नुसता ठेवला होता. आप्पा मागे दहा पावले जात, पाहत, पुढे येत आणि स्पॉयलर किंचित डावीकडे सरकवत.

“मध्यावर नाही,” मी म्हणालो.

“हाय.”

मी खिशातला स्टीलचा टेप काढला. झाकणाच्या डाव्या कडेपासून मोजले, उजव्या कडेपासून मोजले. स्पॉयलर साडेचार मिलिमीटर डावीकडे होता. मी आकडे खडूने पत्र्यावर लिहिले.

आप्पांनी आकड्यांकडे पाहिले नाही. “साहेब, माप कुठनं घेतलासा?”

“दोन्ही कडांपासून.”

“उजवी कड मला खरी वाटंना. रंग खरवडून बगाय पायजे.”

“वाटंना म्हणजे? हात लावून सांगा.”

त्यांनी पट्टी बांधलेला हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

“आप्पा, आज टेपचे ऐका,” मी म्हणालो. “उद्या सकाळी गाडी न्यायची आहे. रंग खरवडायला आता वेळ आहे का?”

 त्यांचा स्वतःच्या हातावरचा भरवसा त्या दिवशी डळमळला होता. ते मला दिसत होते, आणि मी त्याचा फायदा घेतला. फळीवरचा पंच आणि हातोडी मी उचलली.

“मालक येऊ द्या की, साहेब. पाचला येतोय त्यो.”

“मालकाचा बाप मी आहे.”

मी चार ठोके मारले. चार खुणा. माझ्या आकड्यांप्रमाणे त्या अचूक होत्या. त्यांच्या नियमाने खूण झाल्यावर वाद नव्हता. आप्पांनी ड्रिल घेतले.

भोके पडल्यावर त्यांनी स्पॉयलरच्या पायांना विभूती चोळली, दाबले, उचलले. डाव्या पायाचा ठसा पूर्ण उमटला. उजव्याचा अर्धाच. बाहेरच्या अर्ध्या भागाखाली काही टेकत नव्हते. आप्पा त्या अर्ध्या ठशाकडे बराच वेळ पाहत राहिले. मीही पाहिला. तपासणीत असा नग मी कधी पुढे पाठवला नसता.

“रबर जाड घाला. दाबून घेईल,” मी म्हणालो.

त्यांनी जाड रबर घातले, आतून पट्ट्या लावल्या, बोल्ट आवळले. साडेसहाला अजित आला. स्पॉयलर दोन्ही हातांनी हलवून पाहिला. तो जराही हलला नाही. अजित इतका खुशीत होता की खूण कुणी केली, हे विचारायचे त्याच्या डोक्यातही आले नाही. मी बऱ्याच महिन्यांनी त्याला हसताना पाहत होतो. तेव्हा ठसा अर्धा उमटला होता, हे मी त्याला सांगितले नाही.

रविवारी सकाळी त्याने मला विचारले, “येताय काय?” मी गेलो.

माळावर पन्नास-साठ माणसे होती. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना मोकळे रान, शेवटी एक वळण आणि त्यापलीकडे दगडांचा बांध. संयोजकांनी गाड्या तपासल्या. ब्रेक, चाके, पट्टे. अजितच्या कागदावर शिक्का बसला. त्याच्यापुढे दोन गाड्या होत्या. पहिली गेली. दुसरी रेषेवर उभी राहिली. अजितने हेल्मेट चढवले.

मी मागून स्पॉयलरकडे पाहत होतो. उजव्या पायाशी रंगात काहीतरी दिसत होते. केस असावा, किंवा धूळ असावी. मी जवळ जाऊन पाहिले नाही.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने आप्पा येताना दिसले. एसटीने कागलपर्यंत येऊन तिथून ते चालत आले होते. धोतर धुळीने माखले होते. हाताची पट्टी सोडली होती. तळहातावरची कातडी गुलाबी दिसत होती.  गाडीच्या मागे आले, वहाणा काढल्या आणि तापलेल्या डांबरावर अनवाणी उभे राहिले. डावा तळहात डिकीवरून नेत ते उजव्या पायाशी थांबले. पुढे कडेपर्यंत गेले. परत आले. तिथेच बोट टेकवून ते म्हणाले, “अजितराव, खाली उतरा.”

अजितने काच खाली केली. “काय झालं आप्पा?”

“उतरा. शेपूट काढायची.”

“तपासणी झालीया. शिक्का मारलाय.”

“शिक्का कागदावर हाय. हितं पत्रा न्हाय, लगदा हाय. उन्हात पत्रा तापलाय नि ह्यो भाग गार हाय. उजव्या कडंला कुणीतरी अर्धं बोट पुट्टी थापून कड वाढवलीया. तुझा बोल्ट पुट्टीवर बसलाय.”

दुसरी गाडी सुटली. झेंडा धरलेला संयोजक पुढे आला. “ओ पावणं, लाईन सोडा. पुढचा नंबर ह्यांचा हाय.”

आप्पा बाजूला झाले नाहीत. ते गाडीच्या पुढे गेले आणि बोनेटवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. इंजिन चालू होते. अजितचा चेहरा हेल्मेटमध्ये दिसत नव्हता. आवाज मात्र ऐकू येत होता.

“आप्पा, लोक बघाय लागल्यात. सरका बाजूला.”

“सरकत न्हाय.”

“काल हलवून बघितलंय मी. लोखंडासारखं हाय.”

“काल रबर ताजं हुतं. आता दबलं असंल.”

संयोजकाने घड्याळाकडे पाहिले. “दोन मिनिटं. न्हाईतर नंबर गेला.”

अजितने मान वळवून मला शोधले. मी दहा पावलांवर होतो. “बाबा, तुम्ही मोजलं होतं ना काल? तुमच्यासमोर बसवलंय ना? सांगा ह्यांना, बरोबर हाय म्हणून.”

आप्पा माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत तक्रार नव्हती. ते वाट पाहत होते, इतकेच. उजवी कड खोटी असू शकते, हे त्यांनी मला सांगितले होते. ठसा अर्धा उमटलेला मी पाहिला होता. माझी खूण चुकली आहे, एवढे चार शब्द पुरेसे होते. ते चार शब्द पन्नास माणसांसमोर आणि त्या मुलासमोर बोलायचे होते, ज्याला मी आयुष्यभर त्याच्या चुका मोजून दाखवल्या होत्या.

“काढून बघ,” मी म्हणालो.

अजितने इंजिन बंद केले.

पाना लागलाच नाही. उजव्या पायाचा बाहेरचा बोल्ट आप्पांनी बोटांनी फिरवला आणि तो फिरला. चौथ्या फेऱ्याला बाहेर आला. भोकातून पुट्टीचा भुगा सांडला. स्पॉयलर उचलल्यावर पायाच्या बुडाशी चीर दिसली. जवळजवळ अर्ध्या रुंदीपर्यंत गेलेली. शहरापासून माळापर्यंतच्या साध्या प्रवासात एवढे झाले होते. वळणाआधीच्या वेगात काय झाले असते, याचा हिशेब तिथे प्रत्येकाला करता येत होता. 

अजितने हेल्मेट काढले. तो पांढरा पडला होता. मग हळूहळू लाल झाला.

“ही खूण कुणी केली?”

मी तोंड उघडण्यापूर्वी आप्पा बोलले. “म्या.”

“मालकानं करायची असती. नियम तुमचा.”

“तुला याय उशीर झाला. म्या मारला पंच.”

“आणि पुट्टीवर? तुम्ही? डोळं झाकून पुट्टी सांगणारा माणूस?”

“हाताला पट्टी हुती.”

“मग काम घ्यायचं न्हाई,” अजित म्हणाला. “माझा जीव गेला असता, आप्पा.”

“व्हय. गेला असता.”

संयोजक समजुतीच्या सुरात म्हणाला, “वय झालं आता आप्पांचं.” एकदोघांनी माना हलवल्या. आप्पांनी वहाणा पायांत घातल्या. अजितने नाव मागे घेतले आणि एकटाच गाडी घेऊन गेला.

आम्ही दोघे कागलच्या स्टँडवरून एसटीने परत आलो. बस अर्धी रिकामी होती. मी विचारले, “खोटे का बोललात?”

“तुमी बोलशीला म्हनून वाट बघितली,” ते म्हणाले. बसमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “तुमी काय बोलंनासा. मग कुणीतरी बोलाय पायजे की. तुमा बाप-लेकात आदीच फट हाय. पुन्यांदा त्यात पाचर कशाला मारू?”

“नाव तुमचे गेले.”

“भोक म्याच पाडलंय. ड्रिल काय तुमच्या हातात हुतं?” थोड्या वेळाने ते म्हणाले, “खरवडाय पायजे हुतं. दिस मावळला तरी खरवडाय पायजे हुतं.” 

अजितने त्यांच्याविषयी वाईट असे काही कुठे सांगितले नाही. पण तो त्यांच्याकडे जायचा बंद झाला आणि तेवढे पुरेसे होते. माळावर पन्नास माणसे होती. ‘आप्पाचा हात गेला’ हे वाक्य त्यांतल्या प्रत्येकाने एकदा तरी उच्चारले असावे. गाळ्यात पूर्वी मोटारी रांगेत उभ्या असत. आता टेंपोचे फाळके आणि ट्रॉलीचे पत्रे येऊ लागले. आप्पा तेही त्याच निगुतीने करीत. ट्रॉलीवर हात फिरवण्यापूर्वीही ते वहाणा काढत. मी रोज जाऊन त्याच स्टुलावर बसत होतो. त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. मीही काढला नाही. यात दोन वर्षे गेली.

दोन वर्षांनी एका दुपारी अजितचा मित्र विक्रम स्वतःची गाडी घेऊन आला. त्याला मागच्या बंपरवर जादा दिवे बसवायचे होते आणि दुसरीकडे गर्दी होती, म्हणून तो तिथे आला होता. ते त्याने लपवले नाही. आप्पांनी हात फिरवला, मागे जाऊन पाहिले, जागा दाखवली.

विक्रम जरा घुटमळला. मग हसून म्हणाला, “आप्पा, राग मानू नगा. पण आता हातावर नगं. काकांकडं टेप हाय की. काका, तुम्ही मोजून खुणा करा. तुमचं माप म्हंजे काय बघायलाच नगं.”

आप्पांनी एक क्षण त्याच्याकडे पाहिले. मग फळीवरचा पंच उचलला आणि माझ्यापुढे धरला. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हते. “घ्या साहेब,” ते म्हणाले. “मालक सांगतोय.”

मी स्टुलावरून उठलो. पंच घेतला नाही. “अजितच्या गाडीची ती खूण माझी होती,” मी विक्रमला म्हणालो. “आप्पांनी उजव्या कडेबद्दल मला आधी सांगितले होते. मी ऐकले नाही. पंच मी मारला. ठसा अर्धा उमटला तेव्हाही मीच पुढे रेटले. हे अजितला सांग.”

विक्रम माझ्याकडे आणि आप्पांकडे आळीपाळीने पाहू लागला.

आप्पा भडकले. त्यांना इतके संतापलेले मी कधी पाहिले नव्हते. “आनि आता कशाला बोललासा? दोन वर्सं झाकलं ते उघडं पाडलंसा की हो!”

“ते तुम्ही झाकले होते. मी फक्त गप्प होतो.”

त्यांनी पंच फळीवर आपटला. मग पुन्हा उचलून विक्रमच्या हातात कोंबला. “मार. पत्रा तुझा हाय. ह्या म्हाताऱ्यांच्या नादाला लागू नगंस.”

त्या संध्याकाळी अजित नेहमीपेक्षा लवकर घरी आला. जेवला. हात धुऊन आल्यावर दारात उभा राहून म्हणाला, “बाबा, उद्या गाडी आप्पांकडं न्यायची हाय. शेपटीची भोकं अजून तशीच हायत. येताय?”

दुसऱ्या दिवशी त्याने आप्पांच्या पायांना हात लावला. आप्पा म्हणाले, “पाय काय धरतोस, झाकण काढ.” बस्स, एवढेच. त्यांनी उजव्या कडेची पुट्टी सगळी खरवडली, खालचा चेपलेला पत्रा उठवला, तुटलेल्या कडेला नवी पट्टी वेल्ड केली. चार दिवस गेले. स्पॉयलर नवा आणला. मध्य काढायला त्यांनी दोरा लावला, तो झाकणाच्या कडांपासून नव्हे, तर खालच्या चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, दोन भोकांपासून; जी कारखान्यात पडली होती आणि जिथे कुणाचा हात पोचला नव्हता. मग विभूती. दोन्ही ठसे पूर्ण उमटले.

आप्पांनी पंच अजितला दिला. अजितने तो माझ्यापुढे केला. “तुम्ही मारा, बाबा.”

“पत्रा तुझा आहे,” मी म्हणालो.

त्याने ठोके मारले. चौथा मारताना आप्पांच्या ओठांत ‘नाल्कु’ ऐकू आले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अजित त्या माळावर धावला. त्याचा क्रमांक सातवा आला. आप्पा रेषेशी उभे होते. गाडी परत आल्यावर त्यांनी वहाणा काढून शेपटीच्या उजव्या पायाशी हात लावला, मान हलवली आणि शेंगा खात बसले.

आणखी तीन वर्षांनी ते गेले. दोन दिवसांच्या तापाचे निमित्त झाले. त्यांना गावी नेले. मी आणि अजित त्याच लाल गाडीने गडहिंग्लजच्या पुढे त्या खेड्यात गेलो. त्यांच्यात दहन करत नाहीत, बसवून पुरतात. शेताच्या कडेला खड्ड्याची जागा ठरली होती. गावातला एक वृद्ध माणूस पुढे झाला. त्याने आप्पांच्या पायाजवळ बसून एक काटकी त्यांच्या पावलाला लावली आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंतच्या लांबीला मोडली. मग त्या काटकीने तो जमीन मोजू लागला.

अजितने हळूच विचारले, “हे काय करत्यात?”

शेजारी उभ्या असलेल्या माणसाने सांगितले, “ज्याचा खड्डा, त्याच्या पावलाचं माप.”

तो वृद्ध कानडीत मोजत होता. ओंदु, एरडु, मूरु. आमच्यापाशी आल्यावर त्याने मान वर केली. खड्ड्याच्या रेषेवर मी उभा होतो. मी वहाणा काढल्या आणि मागे सरकलो. माझ्या खिशात स्टीलचा टेप होता. तो खिशातच राहिला.